ओक्साना चुसोवितिना : 'आईची गोष्ट' जरा बाजूला ठेवून

तिसरी_घंटा (धागाकर्ती)

ऑलिंपिकचं वर्ष आलं की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हटकून फिरतो. मुलाच्या ब्लड कॅन्सरच्या उपचारांना पैसे हवेत म्हणून चाळिशीतही उड्या मारणारी आई, आणि खाली हात जोडलेल्या इमोज्यांची रांग. मजकूर सपशेल खोटा नाही. पण ज्या बाईबद्दल तो आहे ती त्यात कुठेच सापडत नाही, म्हणून हा धागा.

जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिनाचा जन्म १९ जून १९७५ चा, बुखारातला. उझबेकिस्तान तेव्हा सोव्हिएत संघात होता. १९८८ मध्ये ती सोव्हिएत संघाची ज्युनियर ऑलराउंड (चारही प्रकार मिळून) विजेती झाली. त्या काळी सोव्हिएत मुलींच्या संघात शिरणं हे जागतिक पदक मिळवण्यापेक्षा कठीण मानलं जायचं, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. १९९१ ला इंडियानापोलिसच्या जागतिक स्पर्धेत तिने सांघिक सुवर्ण, फ्लोअरचं, म्हणजे जमिनीवरच्या कसरतींचं सुवर्ण (रुमानियाच्या क्रिस्तिना बोंताशबरोबर विभागून) आणि व्हॉल्टचं, म्हणजे धावत येऊन मारायच्या उडीचं रौप्य घेतलं. वय १६. त्याच डिसेंबरात तिचा देशच विसर्जित झाला.

पुढच्या वर्षी बार्सिलोनात फुटलेल्या देशाचे बरेचसे खेळाडू 'युनिफाइड टीम' या नावाखाली एकत्र उतरले. गुत्सू, बोगिन्स्काया, लिसेन्को यांच्याबरोबर ही पण होती. सांघिक सुवर्ण. म्हणजे मुलगा जन्माला यायच्या सात वर्षं आधीच ऑलिंपिकचं सोन्याचं पदक तिच्या गळ्यात पडलं होतं. फिरत्या मजकुरात हे कधीच नसतं.

नंतर ती नव्या उझबेकिस्तानकडून खेळायला लागली. मागे सोव्हिएत यंत्रणा नाही, सोबत तोलामोलाची एकही मुलगी नाही. तरीही १९९३ ला जागतिक स्पर्धेत व्हॉल्टचं कांस्य मिळालं, १९९६ ला अटलांटात ऑलराउंडमध्ये दहावा क्रमांक. कुस्तीगीर बाखोदिर कुर्बानोवशी लग्न झालं, नोव्हेंबर १९९९ मध्ये मुलगा अलिशेर झाला. २००० च्या सप्टेंबरात सिडनीला ती मॅटवर उतरली तेव्हा मुलगा वर्षाचाही नव्हता.

२००२ मध्ये अलिशेरला ल्युकेमिया असल्याचं निदान झालं. हा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. कोलोनच्या क्लबने आणि तिथले प्रशिक्षक शान्ना व पीटर ब्र्युगेमान यांनी हात दिला, जगभरच्या जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी निधी गोळा केला, ती जर्मनीला गेली. सराव जर्मनीत आणि नाव उझबेकिस्तानचं, अशा अवस्थेत २००३ ला अनाहाइममध्ये ती व्हॉल्टची जगज्जेती झाली. २००६ ला जर्मन नागरिकत्व मिळालं. २००८ ला युरोपियन स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण आणि बीजिंगमध्ये ऑलिंपिक रौप्य. त्याच वर्षी मुलगा बरा झाल्याचं डॉक्टरांनी सांगितलं.

'आईची गोष्ट' इथे संपते. वय ३३, मुलगा सुखरूप. पण बाई थांबली नाही. २०११ ला तोक्योत जागतिक रौप्य. लंडनला व्हॉल्टमध्ये पाचवी. मग निवृत्ती जाहीर केली, आणि २०१३ ला परत उझबेकिस्तानकडून हजर. रिओला ४१ व्या वर्षी व्हॉल्टची अंतिम फेरी. तोक्योला ४६ व्या वर्षी आठवं ऑलिंपिक. तोवर मुलगा बरा होऊन तेरा वर्षं झाली होती.

मग ही तेरा वर्षं कोणासाठी? माझं म्हणणं, स्वतःसाठी. तिला उडी मारायला आवडतं आणि ती येते, बस. हे उत्तर आपल्या पचनी पडत नाही. बाईने काही अचाट केलं की त्यामागे मूल, नवरा, देश असं काहीतरी शोधल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. पुरुष खेळाडू चाळिशीत खेळला की 'खेळावरचं प्रेम', आणि हिच्या वाट्याला मात्र 'त्याग'.

---

शंकासुर

लेख आवडला, पण काडी टाकतोच. मुलाची गोष्ट नसती तर आपल्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक असतं? वैयक्तिक ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. सोव्हिएत लात्यिनिनाची ऑलिंपिक पदकं १८, चेकोस्लोव्हाकियाच्या चास्लावस्काची सुवर्णं सात, अमेरिकेच्या बाइल्सचं तर सांगायलाच नको. त्या रांगेत ही कुठे बसते? दीर्घकाळ टिकणं आणि महान असणं यात फरक आहे की नाही?

---

सायलेंट_वाचक

वाचतेय. वाचनखूण साठवली आहे.

---

बेरीज_वजाबाकी

@शंकासुर, हिशेब मांडतो, मग ठरवा.

जागतिक स्पर्धेतली पदकं ११. सुवर्ण तीन (१९९१ चं सांघिक, त्याच वर्षीचं फ्लोअर, २००३ चं व्हॉल्ट), रौप्य चार, कांस्य चार. यातली नऊ एकट्या व्हॉल्टवर: १९९१, ९२, ९३, २००१, ०२, ०३, ०५, ०६ आणि ११. एकाच प्रकारात जागतिक स्पर्धेची नऊ पदकं हा विक्रम आहे. पहिलं आणि शेवटचं यांत वीस वर्षांचं अंतर. साध्या पात्रतेच्या गोष्टी नाहीत या, पोडियमच्या आहेत.

आणि बीजिंगचं रौप्य बघा. उत्तर कोरियाच्या होंग उन-जोंगचे १५.६५०, हिचे १५.५७५, चीनच्या चेंग फेईचे १५.५६२, अमेरिकेच्या ॲलिशिया सॅक्रमोनचे १५.५३७. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकात ०.०१३ चा फरक. लँडिंगला पाऊल किंचित सरकलं तरी एक दशांश गुण कापतात, म्हणजे तेवढ्यात ती थेट चौथी झाली असती. चेंग फेई त्या काळात व्हॉल्टची सम्राज्ञी होती, तिची दुसरी उडी फसली हेही खरं. पण फसली नाही ती उडी चुसोवितिनाची होती.

---

शंकासुर

म्हणजे नऊपैकी सुवर्ण एक. मी तेच म्हणत होतो ;)

---

मॅटवरची

शाळा-कॉलेजात जिम्नॅस्टिक्स केलं, आता जमेल तेव्हा छोट्या स्पर्धांना पंच म्हणून बसते. तेवढ्या अधिकारात लिहिते.

चुसोवितिनाच्या कारकिर्दीत मला थक्क करते ती गोष्ट वय नव्हे. तिच्या पायाखालचा खेळ इतक्यांदा बदलला आणि ती प्रत्येक वेळी नव्याने शिकली, ते जास्त आहे. सुरुवात केली तेव्हा सक्तीचे सेट असायचे, म्हणजे सगळ्यांनी नेमून दिलेला तोच संच करायचा. अटलांटानंतर ते गेले. व्हॉल्टला तेव्हा लांबट, अरुंद 'घोडा' होता, मुलींसाठी आडवा लावलेला. २००१ पासून त्याची जागा रुंद, पुढे उतरत्या टेबलाने घेतली. हात टेकायची जागा बदलली, ढकलण्याचा कोन बदलला. पुष्कळ जणींना ते जमवून घ्यायला वेळ लागला, आणि हिने त्याच वर्षी गेंटला जागतिक रौप्य घेतलं. मग २००६ ला दहा गुणांची पद्धतच गेली. काठिण्याचे गुण वेगळे, सफाईचे वेगळे, दोन्हींची बेरीज. पर्फेक्ट टेनच्या जगात वाढलेली मुलगी १५ च्या पुढच्या गुणांच्या जगात पदकं घेत राहिली.

आता व्हॉल्टच का, हे. बीम (अरुंद तुळई) आणि बार्सला (दोन आडव्या दांड्या) रोज शेकडो आवर्तनं लागतात. बार्सवर तळहात सोलतात, खांदे आणि मनगटं झिजतात. फ्लोअरला दीड मिनिट दम टिकवावा लागतो. व्हॉल्ट म्हणजे २५ मीटरची धाव, स्प्रिंगबोर्ड, सव्वा मीटर उंचीच्या टेबलावर हातांचा क्षणभर धक्का, हवेत फिरणं, लँडिंग. सगळं मिळून काही सेकंद. स्फोटक ताकद आणि टायमिंग हे ज्यांच्याकडे असतं त्यांच्याकडे ते बरंच टिकतं, सरावाची संख्या कमी ठेवून भागतं. हाडामांसाला किती झिजवायचं याचा विचार करून खेळणारी बाई आहे ती. भाबडेपणाने उड्या मारत राहिली नाही.

आणि शंकासुर, महान कोणाला म्हणायचं याची आमच्या खेळात एक वेगळी फूटपट्टी आहे. नवा प्रकार आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पहिल्यांदा केला की नियमावलीत त्याला त्या खेळाडूचं नाव लागतं. फ्लोअरवर सरळ ताठ शरीराने मागे दुहेरी कोलांटी आणि त्यात एक पूर्ण गिरकी, हा 'चुसोवितिना'. व्हॉल्टवर हँडस्प्रिंग करून (हातांवरून पुढे उसळून) पुढे ताठ कोलांटी आणि दीड गिरकी, हाही 'चुसोवितिना'. आज विशीतल्या मुली हे करतात तेव्हा पंचाच्या कागदावर हिचं नाव असतं. बार्सवरही तिच्या नावाचं आहे.

---

दोन_वेण्या

@मॅटवरची, मस्त प्रतिसाद! एक बाळबोध प्रश्न. 'ताठ' आणि 'गोळा' यात इतका काय फरक पडतो? मला टीव्हीवर सगळ्याच फिरताना दिसतात.

---

मॅटवरची

गुडघे छातीशी घेतले की शरीर भराभर फिरतं, ताठ ठेवलं की सावकाश. त्यामुळे ताठ शरीराने तेवढ्याच वेळात दोन कोलांट्या पुऱ्या करायच्या तर उंची बरीच जास्त लागते. वर त्यात गिरकी घालायची म्हणजे दोन दिशांचं फिरणं एकाच वेळी सांभाळायचं. १९९१ च्या आसपास मुलींमध्ये हे करणं म्हणजे काय होतं ते आज सांगून कळणार नाही.

---

आडवा_बाण

मला यातलं झेंड्यांचं प्रकरण भारी वाटतं. सोव्हिएत संघ, युनिफाइड टीम, उझबेकिस्तान, जर्मनी, पुन्हा उझबेकिस्तान. बार्सिलोनात तर जिंकल्यावर सांघिक पदकासाठी ऑलिंपिकचा ध्वज वर गेला होता, कारण दुसरा कुठला न्यायचा हा प्रश्न होता. आणि जर्मनीकडून खेळून परतल्यावरही उझबेकिस्तानने तोक्योला उद्घाटन सोहळ्यात ध्वज तिच्या हाती दिला. आपल्याकडे देश बदललेल्या खेळाडूला काय काय ऐकावं लागतं, ते आठवून हसू आलं.

---

तिसरी_घंटा

@आडवा_बाण, हो ना. जर्मनांनाही तिची कृतज्ञता समजली आणि ती परत गेली तेही समजलं, असं दिसतं. दोन्हीकडे कटुता नाही.

@शंकासुर, मुलाच्या गोष्टीमुळे नाव पोचलं हे मान्य. माझी तक्रार पोचण्याबद्दल नाही. पोचल्यावर तेवढंच उरतं, त्याबद्दल आहे.

---

खिडकीतली_जागा

रिओची व्हॉल्टची अंतिम फेरी कुणी लाइव्ह पाहिली होती का? १४ ऑगस्ट २०१६, आपल्याकडे रात्रीचे सव्वाअकरा वाजून गेलेले. सगळा देश दीपा कर्माकरसाठी जागा होता आणि त्याच फेरीत ही ४१ वर्षांची बाई होती. दोघींनीही प्रोदुनोवा केला! तेव्हा समालोचक फक्त दीपाबद्दल बोलत होते (बरोबरच आहे), त्यामुळे शेजारी इतिहास घडतोय हे आमच्या गावीही नव्हतं.

दीपा १५.०६६ वर चौथी. स्वित्झर्लंडच्या ज्युलिया श्टाइनग्रुबरचे १५.२१६. दीड दशांशाने कांस्य हुकलं. अजून चुटपुट लागते.

---

नवखा_सदस्य

प्रोदुनोवा म्हणजे तेच का ते 'मृत्यूचा व्हॉल्ट'?

---

मॅटवरची

तेच. पेपरवाल्यांनी लावलेलं नाव. रशियाच्या येलेना प्रोदुनोवाने १९९९ मध्ये पहिल्यांदा केला. हँडस्प्रिंग घेऊन टेबलावरून निघायचं आणि पुढच्या दिशेने दोन कोलांट्या मारून पायांवर उतरायचं. अडचण अशी की पुढे फिरताना जमीन अगदी शेवटी दिसते, उतरायची वेळ डोळ्यांनी ठरवता येत नाही. कमी फिरलात तर मानेवर, जास्त फिरलात तर गुडघे आणि घोट्यांवर सगळा भार. जगात मोजक्याच मुलींनी स्पर्धेत केला: प्रोदुनोवा, डॉमिनिकन रिपब्लिकची यामिलेत पेन्या, इजिप्तची फदवा महमूद, दीपा, आणि ही.

रिओत चुसोवितिनाचे पाय आधी टेकले, पण वेग आवरला नाही आणि ती पुढे कोलांटीत गेली. एकूण सातवी आली.

---

बेरीज_वजाबाकी

इथे मला एक बोलायचंय आणि शिव्या खायची तयारी आहे. रिओच्या नियमांत प्रोदुनोवाचं काठिण्य ७.० होतं. बाइल्स करायची त्या अमानार नावाच्या उडीचं ६.३ आणि चेंग नावाच्या उडीचं ६.४. पडल्याबद्दल एक गुण कापतात. म्हणजे ६.० चा व्हॉल्ट छान करून सफाईचे ८.८ मिळवा किंवा ७.० चा करून धडपडून ७.८ मिळवा, बेरीज १४.८ च. ज्या देशात अमानार शिकवणारी व्यवस्था नाही त्या देशातल्या मुलीने पोडियमजवळ जायचा हा हिशेबी रस्ता होता. दीपाचा प्रोदुनोवा १५.२६६ ला गेला, त्यात सफाईचे ८.२६६. दुसरी उडी, त्सुकाहारा (वळत टेबलावर हात टेकून मागे कोलांटी) दोन गिरक्यांचा, १४.८६६. सरासरी १५.०६६.

शौर्य आहेच. पण त्यात नियमावलीतली फटही होती. महासंघाने २०१७ पासून तो ६.४ वर आणला, ते उगाच नाही.

---

खिडकीतली_जागा

फट?! आगरतळ्यात धड साधनं नसताना स्कूटरच्या जुन्या भागांपासून स्प्रिंगबोर्ड जुळवून शिकवणारे बिश्वेश्वर नंदी, सपाट पावलं घेऊन आलेली सहा वर्षांची मुलगी, आणि तुम्ही फट म्हणताय? ज्या पावलांनी जिम्नॅस्टिक्स होतच नाही असं म्हणतात त्या पावलांनी तिने हे केलं.

---

मॅटवरची

दोघांचंही बरोबर आहे, आणि भांडण्याचं कारण नाही. काठिण्य बघून उडी निवडणं हे प्रत्येक खेळाडू करतो, बाइल्सही करते. फट वापरायला सुद्धा आधी ती उडी यावी लागते! दीपाचं लँडिंग खाली बसल्यासारखं व्हायचं हे खरं, पण पाय आधी टेकायचे, आणि रिओतला तिचा सर्वांत चांगल्यांपैकी होता. पाय आधी टेकले नाहीत तर त्या उडीला शून्य मिळतं, हे लक्षात घ्या.

माझा मतभेद चुसोवितिनाबद्दल आहे. रिओत तिने प्रोदुनोवा करायला नको होता असं मला आजही वाटतं. तिची ताकद नेहमी सफाईत होती. हँडस्प्रिंग आणि त्सुकाहारा या दोन घराण्यांतल्या उड्या ती इतक्या स्वच्छ करायची की काठिण्य थोडं कमी असलं तरी निभायचं. ४१ व्या वर्षी पदकाची शक्यता बघून तिने जुगार खेळला. कळतं, पण पटत नाही.

---

तिसरी_घंटा

मला उलट तोच जुगार आवडला. 'सहभागी झाल्याबद्दल टाळ्या' घ्यायला ती आली नव्हती, पदक घ्यायला आली होती. सातवं ऑलिंपिक म्हणून सगळे कौतुकाने बघत होते, आणि ही बाई खेळातली सर्वांत धोकादायक उडी मारत होती.

---

जुना_अंक

थोडं अवांतर. चाळिशीतली जिम्नॅस्ट म्हणजे निसर्गाविरुद्ध काहीतरी, असं आपल्याला वाटतं, त्याला १९७० नंतरचा काळ कारणीभूत आहे. त्याआधी हा बायकांचाच खेळ होता, मुलींचा नव्हे. हंगेरीच्या ॲग्नेस केलेतीने १९५६ ला मेलबर्नमध्ये चार सुवर्णं घेतली तेव्हा ती ३५ वर्षांची होती. नाझींच्या काळात खोट्या कागदपत्रांवर जीव वाचवलेली ज्यू बाई. २०२५ च्या जानेवारीत गेली, १०४ व्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी. लात्यिनिना १९६४ ला तोक्योत फ्लोअरचं सुवर्ण घेताना २९ ची, लेकुरवाळी होती.

मग १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये रुमानियाच्या १४ वर्षांच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा मिळाले आणि सगळ्या जगाला लहान चणीच्या मुली हव्याशा वाटू लागल्या. वय, वजन, उंची सगळं खाली. किमान वय १९८१ मध्ये १५ आणि १९९७ मध्ये १६ करावं लागलं, यावरून काय चाललं असेल ते समजा. चुसोवितिना घडली ती नेमकी त्या लहान मुलींच्या काळात, आणि तिने खेळ ओढून परत केलेतीच्या वयापलीकडे नेला. २०२४ ला पॅरिसमध्ये २७ वर्षांची बाइल्स ऑलराउंड जिंकली आणि कोणाला वय खटकलं नाही, यात हिचा थोडा वाटा आहे.

---

सायलेंट_वाचक

@जुना_अंक, केलेतीवर वेगळा धागा काढाच.

---

शंकासुर

जुना_अंक यांचा मुद्दा पटला. आता दुसरी काडी. ही इतकी वर्षं राहिली म्हणजे उझबेकिस्तानच्या एखाद्या तरुण मुलीची जागा अडली नाही का? तोक्योला तर १४ वी आली. अंतिम फेरीत आठ जणी जातात.

---

बेरीज_वजाबाकी

नाही अडली. तोक्योची जागा तिने २०१९ च्या श्टुटगार्ट जागतिक स्पर्धेत ऑलराउंडमधून मिळवली होती. ज्या देशांचे संघ पात्र ठरत नाहीत त्यांच्या खेळाडूंना ती संधी असते आणि जागा खेळाडूच्या नावावर मिळते. म्हणजे ४४ व्या वर्षी चारही प्रकार करून दाखवले तिने, बीम आणि बार्ससकट. ती उतरली नसती तर ती जागा आपोआप दुसऱ्या उझबेक मुलीला गेली नसती.

---

मॅटवरची

+१. आणि १४.१६६ सरासरी. त्या दिवशी, २५ जुलै २०२१, स्टेडियम रिकामं होतं, कोविडमुळे प्रेक्षकच नव्हते. तिची दुसरी उडी झाल्यावर इतर देशांच्या खेळाडू, प्रशिक्षक, पंच, स्वयंसेवक उभे राहिले. टाळ्या वाजवणारे सगळे तेच, ज्यांना ती उडी किती अवघड आहे हे नेमकं ठाऊक होतं. असा सत्कार मिळणं दुर्मीळ.

---

नवखा_सदस्य

मग ती तिथे निवृत्त झाली ना? बातमीत तसंच वाचलं होतं. डोळ्यांत पाणी वगैरे.

---

तिसरी_घंटा

हाहा, झाली होती. काही महिन्यांतच आशियाई खेळांत उतरायचंय म्हणून परत आली. ते खेळ हांगझोला एक वर्ष उशिरा, २०२३ ला झाले. ४८ वर्षांची चुसोवितिना व्हॉल्टमध्ये चौथी. कांस्यपदक घेणारी मुलगी तिच्या मुलाहून लहान असावी.

लंडननंतर निवृत्ती, तोक्योनंतर निवृत्ती. तिच्या निवृत्तीवर मी आता विश्वास ठेवायचं सोडलंय.

---

खिडकीतली_जागा

आणि पॅरिस का हुकलं ते सांगा की! मे २०२४, ताश्कंद. आशियाई अजिंक्यपद स्पर्धा तिच्या स्वतःच्या देशात, पॅरिसला जायची शेवटची संधी, आणि ऐन वेळी दुखापत. माघार. त्याच स्पर्धेत व्हॉल्टचं सुवर्ण कोणाला? दीपाला! १३.५६६. आशियाई अजिंक्यपदात सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय जिम्नॅस्ट. गुडघ्याची शस्त्रक्रिया, २१ महिन्यांची बंदी, सगळं पार करून ३० व्या वर्षी. त्याच ऑक्टोबरात ती निवृत्त झाली.

रिओत शेजारीशेजारी होत्या, ताश्कंदमध्ये एक वर चढली आणि दुसरीला उतरताच आलं नाही.

---

शंकासुर

बंदीचा उल्लेख तुम्हीच केलात म्हणून. उत्तेजक चाचणीत सापडलेल्या खेळाडूची गोष्ट इतक्या हळवेपणाने सांगायची का?

---

बेरीज_वजाबाकी

हिजेनामाइन नावाचं द्रव्य होतं. तिने ते अजाणता शरीरात गेल्याचं सांगितलं, बंदी स्वीकारली, जुलै २०२३ ला ती संपली. बंदी भोगून परत येऊन जिंकली, तेव्हा नोंद दोन्हीची ठेवू. धागा चुसोवितिनाचा आहे, दीपावर स्वतंत्र काढा, तिथे भांडू.

---

आडवा_बाण

२०१७ ला तिला आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा ती अजून खेळत होती! माणसाला सन्मान देऊन घरी पाठवायची सोय असते ती, आणि ही दुसऱ्या दिवशी सरावाला.

---

दोन_वेण्या

माझी लेक नऊ वर्षांची आहे, जिम्नॅस्टिक्सला जाते. धागा वाचून तिला हिच्या उड्या दाखवाव्यात असं वाटतंय. कुठून सुरुवात करू? आणि काय बघायला सांगू? नुसतं 'बघ किती म्हातारी आहे' असं नको.

---

मॅटवरची

१९९१ चं फ्लोअर आधी. सोळा वर्षांची आहे, कोलांट्यांच्या पहिल्या मालिकेतली उंची बघायला सांगा. मग थेट २००८ चा बीजिंगचा व्हॉल्ट. धाव बघा, शेवटच्या पावलांत वेग कमी होत नाही. मग टेबलाला हात लागतात ती वेळ बघा: टेकले न टेकले की सुटलेच. लेक शिकत असेल तर तिला हे लगेच दिसेल, कारण तिचे प्रशिक्षक रोज हेच ओरडत असणार.

प्रोदुनोवा मात्र इतक्यात दाखवू नका. नऊ वर्षांच्या मुली दुसऱ्या दिवशी करून बघतात.